हळदीचे बोट लावलेली तार

केशवराव चांदूरकरांचा चेहरा मी पाहिला त्याच्या कितीतरी आधीपासून मला त्यांचा हात ओळखता येत होता. तारखात्याबाहेरच्या वाचकांना हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करतो. तारेच्या यंत्रावर आम्ही सगळे तेच कडकट्ट वाजवतो; पण कोणी ते रेटून वाजवतो, कोणी अडखळत, कोणी जेवायला उशीर झाल्यासारखा. दूरच्या कचेरीत बसून ऐकणाऱ्याला त्यावरून कळते की पलीकडे कोण बसले आहे. आमच्या धंद्यात याला ‘हात’ म्हणतात. मी यवतमाळकडच्या एका लहान कचेरीत नवा तारबाबू म्हणून लागलो तेव्हा वर्ध्याहून येणारा एक हात मला फार छळत असे. संथ, सरळ आणि कमालीचा हट्टी. मी एखादे नाव पाठवले की हा हात ते परत वाजवून दाखवायचा. माणसाचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, मग गाव. ते बरोबर आहे असे मी सांगेपर्यंत पुढचा शब्द घ्यायचा नाही. तारांचा ढीग समोर पडलेला असताना हे सोवळे कशाला, असे म्हणून मी इकडे दात-ओठ खात असे.

पुढे माझी बदली वर्ध्याला झाली. कचेरीत शिरलो तेव्हा एक पाठमोरे, किंचित स्थूल गृहस्थ यंत्रावर बसलेले होते. दोन शब्द ऐकले आणि मी म्हणालो, “नमस्कार, चांदूरकरसाहेब.” मागे वळून न पाहता ते म्हणाले, “या वामनराव. चहा सांगितला आहे. तुमचा हात चांगला आहे, पण शेपटीला आग लागल्यासारखा पळता तुम्ही.” अशी आमची ओळख झाली. केशवरावांच्या सेवानिवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा तोच हात कानात वाजू लागला.

केशवरावांच्या कामाविषयी खात्यातली मोठी माणसे लिहितीलच. मला आधी सांगायचे आहे ते त्यांच्या पायांविषयी. या गृहस्थांना घरोघरी जाण्याचे व्यसन होते. कचेरी सुटली की घरी थेट जाणे त्यांना ठाऊक नव्हते. रामनगरपासून नालवाडीपर्यंत ज्याच्या दारावरून जातील तिथे “आहात का?” म्हणून डोकावायचे, ओसरीवर बसायचे, लोणचे मुरले की नाही ते विचारायचे, म्हाताऱ्यांची दुखणी ऐकायची. बारसे असो, साखरपुडा असो, कोणाची गाय व्यायलेली असो, केशवराव हजर. आमच्या वहिनी, म्हणजे केशवरावांच्या पत्नी, थट्टेने म्हणत, “ह्यांना बदलीची धास्ती नाही, नव्या गावी चहाची नवी घरं शोधावी लागतील, त्याची आहे.” ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वादळाने त्यांचे काय नेले ते त्याशिवाय कळायचे नाही.

त्या वादळाला आता चार-पाच वर्षे झाली. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, अजून मुंबई राज्यात आलो नव्हतो. बंगालच्या उपसागरातली वादळे आमच्यापर्यंत येता येता दमून जातात, अशी आमची भाबडी समजूत. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांच्या वाट्याला त्याचे वादळ कशाला येईल? ज्वारी निसवली होती, कपाशीला बोंडे धरली होती, आणि एके दिवशी सकाळी पूर्वेकडचे आभाळ शाईसारखे झाले. खेड्यातली माणसे त्याला वावधान म्हणाली. वारा असा सुटला की बाजारातल्या दुकानांचे पत्रे कागदासारखे उडत गेले. कचेरीसमोरचा कडुलिंब मुळासकट आडवा झाला. त्यानंतर पाऊस सुरू झाला, तो थांबायचे नावच घेईना. मी जात्याच भित्रा माणूस आहे, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. पण वाऱ्याची मला भीती वाटली नाही, ती यंत्राची वाटली. कारण दुपारी पुलगावकडचे यंत्र गप्प झाले.

तारकचेरीत शांततेइतकी वाईट गोष्ट नाही. यंत्र वाजत असले की पलीकडे कोणीतरी जिवंत आहे, बसलेले आहे, हे कळत असते. मी किल्ली दाबून हाक मारत राहिलो. पलीकडून काही नाही. रेल्वेची तारही त्याच खांबांवरून जाणारी, तीही मेली. संध्याकाळी स्टेशनवरून कोणी सांगत आले की रूळ वाहून गेले आहेत, वर्धा नदी पात्र सोडून पुलगावच्या गिरणीच्या चाळींत शिरली आहे आणि नाचणगावच्या खालच्या आळीत पाणी चढते आहे.

नाचणगावच्या खालच्या आळीत माझी सासुरवाडी आहे. माझी पत्नी सुमती पहिल्या बाळंतपणासाठी तिथे गेली होती. दिवस भरत आले होते.

मी किल्ली सोडून उठू लागलो. केशवरावांना सगळे ठाऊक होते. त्यांनी माझ्या खुर्चीमागे येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “हाक मारत राहा.” त्या मेलेल्या तारेवर मी किती वेळ हाक मारली असेल, मला सांगता येणार नाही. उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही. पण हाताला काम नसते तर मी त्या पावसात पुलगावच्या रस्त्याला लागलो असतो आणि पहिल्याच नाल्यात गेलो असतो.

पाऊस उतरल्यावर नागपूरहून पोलिसांची दोन बिनतारी यंत्रे आली. एक डोंग्यातून पलीकडे पुलगावच्या शाळेत गेले, कारण वाचलेली माणसे तिथेच गोळा झाली होती. दुसरे कुठे ठेवायचे यावर कलेक्टर कचेरीत खल चालू होता. केशवरावांनी तिथे जाऊन एवढेच सांगितले की, “निरोप हवेतून येईल साहेब, पण शेवटी तो कोणाच्यातरी दारात पोचवायचा आहे, आणि दारे आम्हाला माहीत आहेत.” ते यंत्र आमच्या कचेरीत आले. आवाजात फार खरखर होती, म्हणून बोलण्याऐवजी तारेसारखेच कडकट्ट वाजवून निरोप घ्यायचे ठरले. यंत्राबरोबर आलेला पोलीस जवान तापाने फणफणलेला होता. त्याला पांघरूण देऊन केशवरावांनी कानांवर ते काळे कर्णे चढवले आणि किल्लीपाशी बसले. तिथून ते उठत ते फक्त आलेला निरोप मार्गी लावायला, ते पुढे येईलच.

पलीकडून नावे येऊ लागली. कोण सापडले, कोण शाळेत आहे, कोण सापडले नाही. इकडे वर्ध्यात, देवळीत, नालवाडीत, खेड्यापाड्यांत त्यांची माणसे वाट पाहत होती. कचेरीच्या दारात गर्दी जमली होती आणि आश्चर्य म्हणजे कोणी आवाज करत नव्हते. मला वाटत होते, आता हे विचारतील: नाचणगाव, सुमती. त्यांनी विचारले नाही. मी न राहवून ‘विचारा’ म्हणालो तेव्हा ते हळूच म्हणाले, “वामनराव, तुमची विचारणा लावली आहे. बाहेर उभ्या असलेल्यांच्या नंतर आहे.” मला त्यांचा इतका राग आला होता, की खरे सांगायचे तर थोडासा आजही आहे. पण बाहेरच्या गर्दीतल्या एकाही माणसाला आत यंत्रापाशी बसण्याची सोय नव्हती, मला होती, हेही तितकेच खरे.

पहिली खुशालीची तार घेऊन आमचा तारवाला सुखदेव नालवाडीच्या पुढच्या एका खेड्यात गेला. गिरणीतला एक मजूर वाचला होता. घरी म्हातारी आई आणि लग्नाला वर्षही न झालेली बायको. तारेत इंग्रजी अक्षरांत दोनच गोष्टी होत्या: खुशाल आहे, शाळेत आहे. सुखदेव परत आला तेव्हा सायकल भिंतीला न लावता तशीच टाकून तो पायरीवर बसला.

“साहेब, मले हे काम नोको,” तो म्हणाला.

“काय झाले?” केशवरावांनी विचारले.

“मी दिसलो अन् म्हातारीनं बोंब ठोकली. तार आली, पोरगं गेलं माहं. सारी आळी जमा झाली. मी वरडून राह्यलो, माय थांब, कोनी वाचू दे, खुशालीची असन. त कोनी आयकूनच नाई राह्यलं. गावात वाचनारा नाई. मास्तर पुरामुळे तिकडंच अटकला. बायांनी त्या पोरीच्या बांगड्या फोडल्या, साहेब. कुकू पुसलं. अन् तिचा मानूस जिता हाय! मंग तलाठी आला, त्यानं वाचलं. तव्हा ती पोरगी माह्याकडे अशी पाहे, का मीच तिचा नवरा मारला अन् मीच जिता केला.”

आमच्या भागात तार म्हणजे मरण. हे कोणी शिकवावे लागत नाही. खेड्यात एरवी तार येतेच कशाला? खाकी कपड्यातला माणूस सायकलवरून आला की आधी रडणे आणि मग वाचणे, हीच रीत. आम्ही कचेरीत बसून जीव वाचल्याच्या बातम्या पाठवत होतो आणि त्या पोचत होत्या मरणाच्या होऊन. मी घाबरलो होतो ते आणखी घाबरलो. सुमतीच्या खुशालीची वाट घरी माझी आईही पाहत होती, आणि तिलाही वाचता येत नाही.

केशवरावांनी कानांवरचे कर्णे काढले. मग म्हणाले, “सुखदेव, लग्नाची पत्रिका आली की न वाचता येणाऱ्या बाईला कशी कळते?”

“कोपऱ्याले हळद-कुकू असते.”

“आणि मरणाचे पत्र?”

“त्याचा कोपरा फाटला असते. कागद पाह्यला का समजते.”

“मग माझ्या घरी जा आणि बाईंकडून वाटीभर हळद घेऊन ये. थोडे पाणी घालून कालवून आण म्हणावे.”

हळदीची ती वाटी माझ्या खुर्चीमागच्या खिडकीत ठेवली. तिथून पुढे खुशालीचा निरोप आला की केशवराव यंत्रावरून उठत, पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळदीचे बोट लावत आणि सुखदेवाच्या हातात देत. चावडीवर, देवळासमोर दवंडी दिली की पिवळ्या कोपऱ्याची तार म्हणजे माणूस जिवंत. सुखदेव दूर रस्त्यावर असतानाच पाकीट डोक्यावर धरून सायकल चालवू लागला. आळीच्या तोंडापासून लोकांना पिवळे दिसायचे. पुढे नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या या सुखदेवाच्या हातचे पाणी त्या दिवसांत पुष्कळ घरांत चालत नसे. त्याच घरांतल्या बायांनी त्याच्या हातातला कागद घेऊन कपाळाला लावल्याचे मी ऐकले आहे. आठवडाभराने त्याच बाया पुन्हा त्याच्यापासून दूर सरकू लागल्या, हेही मी ऐकले आहे.

पण हळद आणली त्याच दिवशी सुखदेवाने एक प्रश्न विचारला होता. “साहेब, ज्याच्यावर हळद नाई, तो कागद कोन नेईन? तो माह्या हातात पाहून त मानूस जागीच मरन.”

केशवराव म्हणाले, “तो मी नेईन.”

आम्हाला वाटले, एक-दोन वेळा जातील. ते प्रत्येक वेळी गेले. मरणाचा निरोप आला की त्यांचा डावा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे जाई, कागद तिथे ठेवला जाई, ते मला म्हणत, “थोडा वेळ यंत्र सांभाळा,” आणि छत्री घेऊन निघत. घरापाशी वहाणा काढायच्या, प्यायला पाणी मागायचे, जमिनीवर बसायचे, आणि मग स्वतःच्या तोंडाने सांगायचे. नातलग येईपर्यंत तिथेच बसून राहायचे. नालवाडीच्या पार्वताबाईंचे पहिले घर. एकुलता मुलगा गिरणीत होता. केशवराव ओसरीवर आलेले पाहून त्या माउलीला संशयही आला नाही, कारण ते तिथे नेहमीच येत. तिने चूल पेटवून चहा ठेवला. केशवरावांनी तो चहा पूर्ण घेतला, कप विसळून ठेवला, आणि मग सांगितले. हे मला त्यांनी कधीच सांगितले नाही, पार्वताबाईंकडून कळले.

त्यानंतर मात्र गाव शहाणे झाले. छत्री घेतलेले केशवराव गल्लीत दिसले की ओसऱ्यांवरची माणसे आत जात. दारे लागत. बाया पोरांना ओढून घेत आणि फटीतून पाहत राहत की हे कोणत्या घरासमोर थांबतात. पुढे गेले की सुटकेचा श्वास, आणि पुढच्या घरी कालवाकालव. कागदावरची सगळी भीती या माणसाने काढून घेतली होती. ती जाणार कुठे? ती त्यांच्या अंगाला चिकटली. त्यांच्या लक्षात हे आले असेलच. तरी मरणाचा निरोप त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती एकदाही दिला नाही.

मधल्या काळात नागपूरहून एक वरिष्ठ तपासणीला आले. त्यांनी पिवळे पाकीट पाहून विचारले, “सरकारी कागदावर हे काय फासले आहे?” केशवराव म्हणाले, “पत्ता आहे साहेब. वाचता न येणाऱ्यांसाठी.” साहेबांनी खुलासा मागवला. केशवरावांनी तो रीतसर पाठवला. त्याचे काय झाले ते खात्यालाच ठाऊक. हळद काही थांबली नाही.

आता माझ्या वेळेविषयी. बाहेरची गर्दी ओसरत आली होती. बरीचशी माणसे आपापला निरोप घेऊन गेली होती, पिवळा किंवा दुसरा. मी साध्या तारेच्या यंत्रावर नागपूरकडचे काम करत होतो. केशवरावांच्या कानांत काय येत होते ते मला ऐकू येणे शक्य नव्हते. त्यांचे परत वाजवणे मात्र ऐकू येत होते, कारण किल्ली खोलीतच वाजत होती. ज्या सवयीचा मला पूर्वी वैताग येई तीच सवय. नाव, नवऱ्याचे नाव, गाव.

त्यांनी वाजवले: सुमती.

माझा हात थांबला. मग वाजवले: वामन. मग: नाचणगाव. माझ्या बायकोचे नाव त्यांच्या हातातून एकेक अक्षर होऊन खोलीत येत होते, आणि मला माहीत होते की यानंतर एकच शब्द येणार आहे. तो आला नाही. किल्ली थांबली. मग त्यांनी वाजवले: पुन्हा सांगा. परत थांबले. परत वाजवले: पुन्हा सांगा. या माणसाला मी इतक्या वर्षांत एकच गोष्ट दोनदा विचारताना ऐकले नव्हते.

त्यांनी कर्णे उतरवले, कागद हातात घेतला आणि उठले. ते सरळ माझ्याकडे येऊ लागले.

त्यांचे येणे काय असते हे तोवर साऱ्या वर्ध्याला कळले होते, मला तर सर्वांच्या आधी. खुर्ची बाजूला सारून मी उभा राहिलो. मी दोन्ही हात पुढे केले आणि ओरडलो, “केशवराव, नका. जवळ येऊ नका. येऊ नका.”

ते जागच्या जागी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी यापूर्वी कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिले नव्हते. एखाद्या माणसाने आरशात पाहावे आणि आपल्या जागी तिथे भलतेच कोणी दिसावे, तसे ते माझ्याकडे पाहत होते. मग अगदी हळू, समजूत घातल्यासारखे ते म्हणाले, “वामनराव, हळद तुमच्या पाठीमागे आहे.”

मी वळून पाहिले. खिडकीत वाटी होती. माझ्या खांद्यावरून हात पुढे करून त्यांनी तीत बोट बुडवले आणि कागदाच्या कोपऱ्याला लावले. मग थांबून दुसऱ्यांदा बुडवले आणि माझ्या कपाळाला लावले. कागदावर लिहिले होते: दोघी खुशाल. दोघी कोण, हे त्यांना कळेना म्हणून त्यांनी दोनदा विचारले होते. पुराचे पाणी भिंतीला लागले तेव्हा सुमतीला बैलगाडीतून शाळेत नेले होते, आणि तिथे, बिनतारी यंत्राच्या शेजारच्या वर्गात, मुलगी झाली होती. मी जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडलो. केशवराव परत जाऊन यंत्रावर बसले. पुढचे नाव आले होते.

वादळ ओसरले, खांब उभे राहिले, यंत्रे वाजू लागली. केशवरावांचे पाय मात्र परत आले नाहीत. मुलीच्या बारशाला मी त्यांना आग्रहाने बोलावले. ते आले. फाटकापाशी त्यांना पाहताच माझ्या आईच्या हातातले ताट खाली पडले. घुगऱ्या अंगणभर झाल्या. “काय झालं, बाप्पा? कोनाचं काय झालं?” ती विचारू लागली. काही झाले नव्हते. ते बारशाला आले होते. हातातले टोपरे त्यांनी फाटकावर ठेवले, मला हात जोडले आणि मागे फिरले. त्यानंतर ते माझ्या घरी आले नाहीत. कोणाच्याच घरी गेले नाहीत. लग्नाला मांडवाबाहेर उभे राहून आहेर द्यायचा आणि निघायचे. वाटेत कोणी भेटले तर लांबूनच हसून “सगळे ठीक, सगळे ठीक” असे आधी म्हणायचे आणि मग जवळ जायचे. ज्यांना हे नवीन आहे ते हसतात. मला हसू येत नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही. कचेरी सुटली की आता ते थेट घरी जातात. आमच्या वहिनींची थट्टा बंद झाली आहे.

केशवरावांचे गुण लिहावेत असे गौरव समितीने मला सांगितले होते. कामातली शिस्त, नावाविषयीची काळजी, आपल्या माणसांनाही रांगेत उभे करण्याचा कठोरपणा, हे सगळे वर आलेच आहे. त्यांचा दयाळूपणा मला वेगळा सांगता येत नाही, कारण तो त्यांना फार महाग पडला आहे. ज्या माणसाला माणसांच्या दारी जाण्यावाचून करमत नव्हते, त्याने इतरांसाठी आपल्याच येण्याला सुतक लावून घेतले. वादळात ज्यांचे गेले त्यांची मोजदाद सरकारने केली आहे. हे नुकसान कोणी धरलेले नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

या लेखासाठी मी नालवाडीला पार्वताबाईंकडे गेलो होतो. केशवरावांचा सत्कार आहे, तुम्हाला काही सांगायचे आहे का, असे विचारले. त्यांनी आधी मला बसायला पाट दिला. मग म्हणाल्या, “त्यायनं त्या दिवशी माह्या हातचा चा पेला. सारा पेला. आता समजते, का त्यायले घोट उतरला नसन. पन मले तेवढा वेळ भेटला, बाप्पा. तेवढा वेळ माहं पोरगं जितं होतं.” आणि मी उठलो तेव्हा दाराशी येऊन म्हणाल्या, “त्यायले सांगजो. काऊन येत नाई म्हना. एक डाव चांगला चा प्याले या म्हना. काई सांगाले नोको येऊ. नुसतं बसाले या.”

हा निरोप मी पोचवायचा म्हणून या ग्रंथात छापतो आहे. नाव पार्वताबाई, गाव नालवाडी. दोनदा विचारून खात्री केली आहे.

केशवरावांना उदंड आयुष्य लाभो असे म्हणून मला थांबवत नाही. मला त्यांच्यासाठी मोजके मागायचे आहे. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, दम टिको, आणि ज्या ज्या दारी ते एकदा छत्री घेऊन उभे राहिले त्या प्रत्येक दारी नुसते बसायला, लोणच्याची चौकशी करायला, चहाला साखर कमी आहे म्हणून कुरकुर करायला पुन्हा जाता येईल इतकी वर्षे त्यांना मिळोत. सुरुवात कुठून करायची असा त्यांना प्रश्न पडला तर माझे घर स्टेशनच्या वाटेवर आहे. आई थकली आहे, तरी तिला मी बजावून ठेवले आहे. मुलगी आता पळते, फाटक तीच उघडते. सुमतीने फाटकाच्या चारही कोपऱ्यांना हळदीची बोटे उठवली आहेत, म्हणजे आत सगळे खुशाल आहे हे तुम्हाला आळीच्या तोंडापासूनच दिसेल.

त्या दिवशी मी तुम्हाला येऊ नका म्हणालो होतो, केशवराव. या.